आटणे, आळणे, थिजणे: खान्देशातल्या शब्दनोंदी

16 फेब्रुवारी 2025, भडगाव

आजपासून नोंदी लिहायला घेतल्या. काम असं ठरलं आहे: पातळ पदार्थ दाट होतो, त्या क्रियेसाठी आपल्याकडे जितके शब्द आहेत तितके घराघरांतून गोळा करायचे, प्रत्येकाचा नेमका अर्थ लावायचा, उगम सापडेल तिथे शोधायचा आणि शेवटी वाचनालयाच्या भिंतीवर लावायला कार्डं करायची. नववीचा वर्ग सोबत आहे.

कामाला निमित्त वर्गातलंच. 'दूध आटलं' म्हणजे काय, असं विचारलं तर कोणी म्हणालं संपलं, कोणी म्हणालं घट्ट झालं, मागच्या बाकावरून 'थिक झालं' असंही आलं. तिन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण पिठलं, तूप, दही, पाक, रक्त या सगळ्यांना आता एकच 'घट्ट झालं' लागायला लागलंय आणि ते मला फार खटकतं. 'घट्ट झालं' म्हटल्यावर काय झालं ते कळतं, कशामुळे झालं ते कळत नाही. जुन्या क्रियापदात ते कारण आतच असतं. निदान माझा अंदाज तसा आहे, आणि तो तपासायचा आहे.

मुलांना एक सूचना दिली. आईला, आजीला थेट शब्द विचारायचा नाही. विचारलं की माणूस पुस्तकातला शब्द सांगतो. चुलीजवळ बसायचं, बोलण्याच्या ओघात तोंडून निघेल तो उतरवायचा, आणि तेव्हा भांड्यात काय होतं तेही लिहायचं.

2 मार्च

वह्या आल्या. आटणे, आळणे, थिजणे, गोठणे, विरजणे, साकळणे, दाटणे, घाटणे, घोटणे. शेवटचे दोन क्रियेचे आहेत, परिणामाचे नाहीत, पण ते काढून टाकायला मन होत नाही. राहू देत.

एका मुलीने लिहिलंय, 'पिठलं आयलं'. बाकीच्यांनी ते 'आलं' असं वाचलं आणि पिठलं कुठून आलं म्हणून विचारायला लागले. ती मात्र ठाम होती: आजी तसंच म्हणते. आजीचं बरोबर आहे. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळाचा डोया, काळाचा काया, शाळेची शाया, तसं आळलंचं आयलं. पातळ पीठ शिजता शिजता दाटून आलं, म्हणजे आळलं. वही फळ्याजवळ धरून सगळ्यांना दाखवली.

ग्रिअर्सनने ब्रिटिश काळात केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या शेजारी जागा मिळाली. तो भाग 1907 मधला. तिथे बोलीचे नमुने म्हणून बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून वदवून घेतली आहे. व्याकरण समजायला ती गोष्ट चांगली, पण तिच्यात चूल नाही. चुलीजवळचे शब्द आपणच उतरवायला हवेत, आणि ते बोलणाऱ्या बाया अजून आहेत तोवर.

9 मार्च

'आटणे' अडलं आहे.

दूध आटतं म्हणजे दाट होतं. विहीर आटते म्हणजे कोरडी पडते. आणि एका मुलाने, ज्याचे वडील सराफाकडे कामाला आहेत, लिहिलंय: 'सोनं आटलं की साच्यात ओततात.' म्हणजे सोनं आटलं की पातळ होतं! एकच क्रियापद दुधाला दाट करतंय आणि सोन्याला पातळ. तीन वेगळे शब्द योगायोगाने एकसारखे दिसताहेत, असं म्हणून हात झटकता येतील, पण पटत नाही.

कोश उघडले. मोल्सवर्थ (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही कढून कमी होणं, सुकणं आणि धातू वितळणं एकाच शब्दाखाली ठेवतात. म्हणजे जुन्या जाणत्यांनाही तो एकच शब्द वाटत होता.

सध्या इथेच थांबते. जळगावला जाऊन सोन्याची आटणी डोळ्यांनी बघायची.

23 मार्च

आज शेजारच्या आक्कांकडे कुरडया. हे सविस्तर लिहिते, कारण शब्द बघायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदलून. काल वाटले, पाण्यात कालवून पिळले, चोथा बाजूला काढला. खाली राहिलेलं पांढरं पाणी आज सकाळपर्यंत निवळलं होतं: वर पिवळट नितळ पाणी, तळाला खडूसारखा पांढरा थर. वरचं पाणी अलगद ओतून टाकलं. तळाचा तो चीक. 'चीक' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो: रुईचा चीक, केळीचा कपड्यावर डाग पाडणारा चीक, गाय व्याल्यावरचं पहिलं चिकाचं दूध, आणि हा गव्हाचा. चिकट आणि पुढे घट्ट होणारं, एवढं सगळ्यांत सारखं.

मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी खळखळ उकळलं. आक्का चिकाची धार धरायच्या आणि त्यांची सून लाकडी दांड्याने फिरवायची. पहिला थोडा वेळ काहीच होत नाही, नुसतं दुधासारखं पाणी. मग दांडा एकाएकी जड होतो. रंग बदलतो, खडूचा पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते. भांड्याची कड सोडून गोळा मध्ये जमतो, त्याला फुगे येऊन ते फट्‍ करून फुटतात. आक्का सुनेला म्हणाल्या, "हात थांबू देऊ नको, माय, गुठळी धरील." आणि थोड्या वेळाने, झाकण ठेवून वाफ आणल्यावर, बोटाला पाणी लावून चाचपून: "चीक व्हई गया."

इथे पाणी उडून गेल्याने दाटपणा आलेला नाही. पाणी भांड्यातच आहे. गव्हाच्या स्टार्चचे बारीक कण साधारण 60 अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतात, फुटतात, एकमेकांत अडकतात आणि मोकळं पाणी उरत नाही. हे आळणं. पिठलं, खळ, ज्वारीच्या बिबड्यांचा (पापडांचा) घाटा, सगळे याच जातीचे. आणि हे परत फिरत नाही. आळलेला चीक गार करा, गरम करा, पुन्हा दूध होणार नाही.

घाटा आणि घाटणे हे संस्कृत 'घट्ट्' धातूवरून आले. त्याचा अर्थ घासणे, हलवणे, ढवळणे. म्हणजे पदार्थाचं नावच हाताच्या क्रियेवरून पडलं. सुनेचा दांडा डोळ्यांसमोर होता, त्यामुळे हे मला फार आवडलं.

(वाटीभर गरम चीक, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि तिखट. जेवणाची गरज उरली नाही.)

6 एप्रिल, जळगाव

सराफ बाजारामागच्या गल्लीतलं छोटं दुकान. काकांनी जुन्या अंगठीचे आणि साखळीचे तुकडे मुशीत टाकले, वर सवागीची, म्हणजे टाकणखाराची, चिमूट, आणि गॅसची ज्योत धरली. सोनं 1064 अंशांना वितळतं. तुकडे आधी लाल झाले, मग त्यांच्या कडा मऊ पडल्या, मग एक थेंब, दुसरा थेंब, आणि अचानक सगळं मिळून एक गोल चकचकीत डोळा.

माझं लक्ष काकांच्या हाताकडे होतं. सांडशीने मूस धरून ते ती हलकेच गोल गोल फिरवत होते. का फिरवता, विचारलं. म्हणाले, "मॅडम, फिरवलं नाही तर कणी राहते. सोनं मुशीत एकजीव फिरायला लागलं की समजायचं, आटलं."

फिरायला लागलं की आटलं. दुकानातून बाहेर पडेपर्यंत हे वाक्य वहीत लिहून झालं होतं.

13 एप्रिल

सुटलं.

संस्कृतात आ + वृत् म्हणजे गोल फिरणे, वळणे. त्यावरून आवर्त, आवर्तन. आवर्तनाचे अर्थ संस्कृत कोशात बघावेत: फिरवणं, ढवळणं, आणि धातू वितळवणं. प्राकृतात 'र्त'चा बऱ्याच ठिकाणी 'ट्ट' झाला. वर्तुळावरून वाटोळं, कैवर्तावरून केवट, तसंच आवर्तवरून आवट्ट आणि पुढे आटणे. हिंदीत दुधासाठी औटना, औटाना म्हणतात, तेही याच घरातलं.

म्हणजे मुळात या शब्दात दाट नाही आणि पातळही नाही. आचेवर ठेवून फिरवत राहायचं, एवढंच आहे. दूध तसं फिरवत राहिलं की त्यातलं पाणी उडतं. गाईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. ते गेल्यावर उरलेली साखर, प्रथिनं, स्निग्धांश जवळ येतात: आधी बासुंदी, मग रबडी, मग खवा. सोनं तसं फिरवलं की एकजीव होतं. पुढे दुधाच्या बाजूने 'कमी होणं' हा अर्थ बळावला आणि विहिरीपर्यंत, नदीपर्यंत, 'रक्त आटवलं' म्हणण्यापर्यंत गेला. सोनाराच्या गल्लीत मात्र जुना अर्थ जसाच्या तसा राहिला. धंद्यातले शब्द असेच टिकतात. रोज हातात असलेल्या हत्याराचं नाव कोणी बदलत नाही.

आणि आपल्या भागात तर हा शब्द दोन्ही रूपांत एकाच ओळीत वाचायला मिळतो. उन्हाळ्यात पेपरात येतं: विहिरी आटल्या, गिरणा धरणातून आवर्तन सोडण्याची मागणी. धरणाचं पाणी पाळीपाळीने सोडायचं, म्हणून आवर्तन. 'आटल्या' हा त्याच आवर्तनाचा घासून गुळगुळीत झालेला नातू. दोन हजार वर्षांचं अंतर एका ओळीत शेजारी शेजारी उभं आहे आणि आपण ती ओळ चहाबरोबर वाचून पान उलटतो.

मुलांना हे सोमवारी सांगायचं. फळ्यावर आधी फक्त ती पेपरातली ओळ लिहीन.

14 एप्रिल

शाळेला सुट्टी, तेव्हा उद्या सांगेन.

'कढणे' हातावेगळं केलं. संस्कृत क्वथ्, त्याचं प्राकृतात कढ. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात त्यासाठी सूत्रच दिलंय. क्वाथचा काढा झाला, कढी त्याच कुळातली. कढई मात्र या कुळातली नाही, ती 'कटाह'वरून आली. मुलं हमखास जोडतील, म्हणून कार्डावर लिहायला हवं.

22 एप्रिल

'थिजणे'. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणून डिसेंबरात आपल्याकडे बाटली उन्हात ठेवावी लागते. शेंगदाण्याचं तेल त्याच फळीवर वाहतं राहतं, कारण त्याला थिजायला याहून कितीतरी जास्त थंडी लागते. आताच्या उन्हाळ्यात तूपसुद्धा पाण्यासारखं आहे. थिजणं गारठ्याने होतं, फिरवून होत नाही, आणि ऊब मिळाली की उलटतं. स्निग्धांशाचे कण थंडीत रांगेत बसून स्फटिक धरतात, उन्हात मोकळे होतात. आळण्यापासून हे अगदी उलट्या टोकाला आहे.

मूळ संस्कृत धातू 'स्त्यै'. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ 'शब्दसङ्घातयोः' असा दिलाय: आवाज करणे आणि एकत्र गोळा होणे. त्यावरून स्त्यान, म्हणजे गोठलेलं, दाट. प्राकृतात त्याचं थीण, थिण्ण झालं. हेमचंद्राकडे ही रूपं आहेत. पालीत थीन. आणि इथे शब्द भांड्यातून मनात शिरतो. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांतलं एक 'थीनमिद्ध', मनाचा जडपणा आणि सुस्ती. जैन कर्मविचारात गाढ निद्रेचा एक प्रकार 'स्त्यानगृद्धि'. आपण 'भीतीने थिजला', 'नजर थिजली' म्हणतो ते काही नवं रूपक नाही. मन तुपासारखं थिजतं हे फार पूर्वी लोकांनी पाहून ठेवलंय.

त्याच संध्याकाळी दुसरा धागा हाती लागला आणि जेवायचं राहून गेलं. 'घन' शब्द 'हन्' धातूवरून येतो, पाणिनीचं सूत्र आहे: 'मूर्तौ घनः' (3.3.77). मूर्ती या अर्थी हन् पासून घन होतो. काशिकावृत्ती इथे मूर्ती म्हणजे काठिन्य असं सांगते आणि उदाहरण देते: दधिघन. घट्ट दही! पाणिनीच्या सूत्राच्या टीकेत कवडी दह्याचं विरजण.

पण खरी गोष्ट 'मूर्ती' शब्दातच आहे. तो 'मूर्छ्' धातूवरून आला, आणि या धातूचा एक जुना अर्थ दाट होणं, गोठून आकार धरणं असा आहे. त्यातून मूर्त आणि मूर्ती, त्यातूनच मूर्च्छा. वैद्य आजही तेला-तुपाची मूर्च्छना करतात. म्हणजे देवळात आपण ज्याला मूर्ती म्हणतो, तो शब्द पातळातून आकाराला आलेल्या पदार्थाचा आहे. उद्या कोणी विचारलं की दूध दाट होण्याच्या शब्दांवर एवढा वेळ का घालवता, तर हे उत्तर माझ्याकडे आहे.

30 एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सासरवाशिणी माहेरी, झाडाला झोके, घरात आमरस आणि खापराची पुरणपोळी. मी पुरणावर बसून होते.

शिजलेली डाळ कोरडी असते. गूळ घातला की ती आधी पातळ होते, आणि नव्याने शिकणारी पोरगी इथे घाबरते. मग ढवळत राहायचं. पुरण उडतं, हाताला चटके बसतात, म्हणून लांब दांड्याचा चमचा. हळूहळू बुडबुडे मोठे आणि आळशी होत जातात. मधोमध उभा केलेला चमचा पडला नाही की पुरण झालं. मामी याला 'आटलं'ही म्हणाली आणि 'आळलं'ही, एकाच वेळच्या बोलण्यात. मी टोकलं नाही. दोन्ही खरं आहे: गुळाचं पाणी आटतं आणि डाळीचं पीठ आळतं. कार्डावर पुरण दोन्हीकडे जाईल.

पाकाचं तसं नाही. पाक नुसता आटतो. त्याची परीक्षा तारेने: दोन बोटांत थेंब धरून उघडझाप करायची, एक तार, दोन तार. तारेची ही खूण शार्ङ्गधराच्या वैद्यकग्रंथातही आहे. काढा पुन्हा आटवून घन केला की ती रसक्रिया, तोच अवलेह (चाटण), असं तो सांगतो आणि पुढे चांगल्या अवलेहाच्या खुणा देतो: 'सुपक्वे तन्तुमत्त्वं स्यादवलेहोऽप्सु मज्जति'. तार धरतो, पाण्यात टाकला तर विरघळून न जाता बुडतो, आणि बोटाने दाबला तर ठसा उमटतो. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाण्यात टाकून आम्हीबी बघतो की." चिक्कीचा पाक ती तसाच बघते.

11 मे

जीवशास्त्राच्या बाईंनी इंग्रजी वैद्यकातला 'इन्स्पिसेट' शब्द आणून दिला. द्रव घट्ट करणे किंवा होणे, विशेषतः आटवून. लॅटिन 'स्पिसुस', म्हणजे दाट, त्याच्यावरून. तोच शब्द स्पॅनिशमध्ये 'एस्पेसो', फ्रेंचमध्ये 'एपे', इटालियनमध्ये 'स्पेस्सो' झाला. इटालियनमध्ये 'स्पेस्सो'चा अर्थ दाट आणि 'वारंवार' असाही होतो. एकापाठोपाठ एक, मध्ये जागा न सोडता. इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सनने 1769 मध्ये शेक्सपियरच्या मॅक्बेथमधल्या रात्रीच्या वर्णनाबद्दल बोलताना 'इन्स्पिसेट' हाच शब्द अंधाराला लावल्याचं त्याचा चरित्रकार बॉस्वेलने लिहून ठेवलंय: आटवून दाट केलेला काळोख.

आपल्याकडे हे काम 'दाट' करतं: दाट वस्ती, दाट ओळख, दाट शक्यता, आणि गळा दाटून येणं. लॅटिनकडे दाटपणाचा एक भक्कम शब्द आहे आणि त्याच्यापुढे लावलेला 'इन'. तो परिणाम सांगतो. मराठीची क्रियापदं कारणं सांगतात. बाईंना हे आवडलं, आणि त्यांनीच पुढची मांडणी सुचवली: अकारविल्हे न लावता कारणाने लावा.

25 मे

मांडणी ठरली.

आटणे: पाणी जातं. दूध, पाक, काढा. सोन्याचं वेगळं चौकटीत. आळणे: शिजून पीठ फुगतं. पिठलं, चीक, घाटा. थिजणे: गारठ्याने, उबेने परत फिरतं. तूप, खोबरेल. विरजणे: आंबटपणाने. विरजणातले जिवाणू दुधात आम्ल तयार करतात, आम्लता पीएच 4.6 च्या जवळ पोचली की केसीन हे प्रथिन जाळं विणतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. साकळणे: आपोआप जमून घट्ट होणं. रक्तात फायब्रिनचे धागे तयार होऊन ते साकळतं. 'आळवणे' दोन आहेत, एक पिठल्याचं आणि एक देवाला आळवण्याचं. कोश त्यांना वेगळे ठेवतात, आपणही ठेवू.

'गोठणे' कुठे लावायचं यावर वर्गात बरीच हुज्जत झाली. पाण्याचा बर्फ होतो तिथे आणि रक्तालाही लोक वापरतात. शेवटी थिजणेच्या शेजारी लावलं, रक्ताचा बाण साकळणेकडे काढून.

प्रत्येक कार्डावर वर मराठी रूप, खाली अहिराणी उच्चार, ज्या घरात ऐकला तिथलं वाक्य आणि उगम सापडला असेल तर एका ओळीत. 'आयलं'वाल्या मुलीने आपल्या कार्डावर आजीचं वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहायचं ठरवलंय, त्यामुळे सगळीच कार्डं हाताने लिहू. जाड कागद, काळी शाई. जूनमध्ये शाळा उघडली की लावायची. तोवर घोटणे आणि घाटणे यांतला फरक आक्कांकडे बसून पक्का करून घ्यायचाय, भरिताची वांगी बाजारात असतील तर बडगीसकट, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यासकट.